स्लो कुकरमधलं गोड-खारं चिकन: मांस कुकरवर सोपवा, सॉस स्वतःच्या हातात ठेवा

स्लो कुकरमध्ये केलेल्या गोड-खाऱ्या चिकनबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक तर सॉस पाणचट झाला, नाहीतर सगळं नुसतं गोडमिट्ट लागलं. दोन्हींचं मूळ एकाच सवयीत आहे: सगळे जिन्नस एकदम भांड्यात ओतायचे, झाकण लावायचं आणि बऱ्याच तासांनी उघडून थेट वाढायला घ्यायचं. स्लो कुकरला मांस मऊ करण्याचं काम फार सुरेख जमतं. पण सॉस आटवणं, मांसाला खरपूस वास आणणं, गोड, खारट आणि आंबट यांचा तोल साधणं हे त्याच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी सुरुवातीला पंधरा मिनिटं आणि शेवटी पंधरा-वीस मिनिटं गॅसपाशी उभं राहायचं. मधले चार-पाच तास कुकरचे. एवढी वाटणी मान्य केली की हा पदार्थ खरोखर अप्रतिम होतो.

आधी भांड्याचा स्वभाव

स्लो कुकर म्हणजे जाड सिरॅमिकचं भांडं आणि त्याच्या भोवती विजेची कॉइल. उष्णता कडेने हळूहळू आत शिरते, वाफ झाकणाला लागून पुन्हा भांड्यात पडते, त्यामुळे पाणी जवळजवळ उडतच नाही. बहुतेक मॉडेल्समध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन्हींवर पदार्थ शेवटी साधारण एकाच तापमानाला, उकळीच्या जरासं खाली जाऊन स्थिरावतो. फरक पडतो तो तिथपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळात. म्हणून ‘लो’वर ठेवलं की कितीही वेळ विसरलं तरी चालतं, हा समज सोडून द्यावा. ‘वॉर्म’ हे बटण शिजवण्यासाठी नसतंच. शिजलेलं गरम ठेवण्यापुरतंच ते वापरायचं.

या यंत्राचा जन्म बीन्ससाठी झाला. आयर्विंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला त्याचं पेटंट 1940 मध्ये मिळालं आणि ‘रायव्हल’ कंपनीने तेच यंत्र 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. बीन्सना आठ तास मानवतात. चिकनला नाही मानवत. सकाळी लावून संध्याकाळी उघडायच्या हिशेबाने लिहिलेल्या पाककृती चिकनसाठी वापरल्या की मांसाचा भुगा होतो, तो यामुळेच.

भांडं निम्म्यापेक्षा कमी भरलं तर पदार्थ लवकर शिजून कडेला करपतो. तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरलं तर मधला भाग तापायला फार वेळ घेतो. खाली दिलेलं प्रमाण साधारण साडेतीन लिटरच्या कुकरसाठी नेमकं बसतं. तुमचा कुकर सहा लिटरचा असेल तर प्रमाण दीडपट करा, किंवा ठरल्या वेळेच्या तासभर आधीच तपासायला सुरुवात करा.

चिकन कोणतं घ्यावं

मांडीचं. या पदार्थासाठी माझं मत अगदी ठाम आहे. मांडीच्या मांसात चरबी जास्त असते आणि कोलॅजन नावाचा चिवट तंतूही जास्त असतो. साधारण 70 अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहिलं की कोलॅजनचं हळूहळू जिलेटिन होतं. मांस ओलसर लागतं आणि सॉस ओठाला किंचित चिकटतो, तो या जिलेटिनमुळे. छातीच्या मांसात कोलॅजन जवळपास नसतंच. त्यामुळे ते जास्त शिजवलं तर मऊ होत नाही, कोरडं पडतं. सॉसमध्ये बुडालेलं असूनही दोऱ्यासारखं कोरडं लागणारं चिकन तुम्ही कुठेतरी खाल्लं असेलच. ते बहुतेक वेळा छातीचं असतं.

मांड्या हाड काढलेल्या आणि सालीशिवाय घ्या. ओल्या वाफेत साल कुरकुरीत होत नाही, रबरासारखी लिबलिबीत होते आणि तिची चरबी सॉसवर तरंगते. हाडासकट मांड्या आवडत असतील तर जरूर घ्या, चव थोडी जास्तच उतरते. फक्त शिजायला तासभर जास्त धरा आणि वाढताना हाडांचे बारीक तुकडे सॉसमध्ये राहिले नाहीत ना, ते नीट बघा.

आणि एक गोष्ट ठासून सांगते: गोठलेलं चिकन थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. 4 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि बर्फासारखा गोळा त्या मंद आचेवर या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळतो. आदल्या दिवशी फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा, रात्रभरात सुटतं. कच्चं चिकन नळाखाली धुवायचीही गरज नाही. त्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोडे उडून सिंकभर पसरतात. किचन पेपरने टिपून घ्या, तेवढं पुरे.

साहित्य, चार-पाच जणांसाठी

- हाड आणि साल काढलेल्या चिकनच्या मांड्या: 1 किलो
- कांदा: 1 मोठा, जाडसर उभा चिरलेला
- गाजरं: 2, सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या
- लसूण: 8 पाकळ्या, ठेचून
- आलं: दीड इंच, किसून
- सोया सॉस: 4 टेबलस्पून
- मध: 4 टेबलस्पून (3 आधी, 1 शेवटी)
- ब्राऊन शुगर: 1 टेबलस्पून
- टोमॅटो केचप: 3 टेबलस्पून
- व्हिनेगर, साधं किंवा राइस व्हिनेगर: 3 टेबलस्पून (2 आधी, 1 शेवटी)
- सुक्या मिरचीचे फ्लेक्स: 1 टीस्पून
- मिरपूड: अर्धा टीस्पून
- तेल: 2 टेबलस्पून
- पाणी: पाव कप, म्हणजे 60 मिली
- कॉर्नफ्लोअर: 1 टेबलस्पून, 2 टेबलस्पून गार पाण्यात कालवायला
- तिळाचं तेल 1 टीस्पून, भाजलेले तीळ आणि पातीचा कांदा: शेवटी घालायला

या यादीत मीठ नाही, आणि ते विसरलेलं नाही. नेहमीच्या सोया सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असतं. चार टेबलस्पून म्हणजे जवळपास नऊ ग्रॅम मिठाएवढं झालं. त्यात केचपचं मीठ वेगळं, आणि शेवटी सॉस आटणार असल्यामुळे खारटपणा आणखी वर येणार. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, हेही ध्यानात असू द्या. कमी सोडियमचा सोया सॉस मिळाला तर या पदार्थात तोच वापरा. शेवटी चव बघून साधा सोया सॉस चमचाभर घालता येतो. एकदा पडलेलं मीठ मात्र काढता येत नाही.

गोडवा तीन ठिकाणांहून घेतला आहे, त्यामागेही कारण आहे. मधाला वास आहे, पण तो तासन्‌तास तापून विरतो. म्हणून एक चमचा शेवटासाठी राखून ठेवायचा. ब्राऊन शुगरमधल्या मळीमुळे गोडव्याला थोडी खोली येते. केचप गोडाबरोबर आंबटपणा आणि रंगही देतं. नुसत्या मधावर केलेला सॉस एकसुरी लागतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध देत नाहीत, शिजवलेल्या पदार्थातूनही नाही. घरात तेवढं लहान मूल जेवणारं असेल तर त्याच्यासाठी वेगळं काहीतरी करा.

सुरुवातीची पंधरा मिनिटं

मांस खरपूस होतं आणि त्याला तो ओढ लावणारा वास येतो, त्याला साधारण 140 अंशांच्या वरची कोरडी उष्णता लागते. स्लो कुकरमध्ये पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जातच नाही. म्हणजे कितीही तास ठेवलं तरी तो वास कुकरमधून यायचा नाही. तो तव्यावरच मिळवावा लागतो. ही पायरी बऱ्याच जणांना कंटाळवाणी वाटते, आणि ती गाळली तरी चिकन खाण्याजोगं होतंच. पण ‘बरं झालंय’ आणि ‘अजून आहे का?’ यांतलं अंतर इथेच पडतं.

मांड्यांचा ओलावा किचन पेपरने नीट टिपा. ओलं मांस तव्यावर भाजलं जात नाही, आपल्याच पाण्यात उकडतं. जाड बुडाचा पसरट पॅन चांगला तापू द्या, एक टेबलस्पून तेल घाला आणि मांड्या एकेक करून, मध्ये बोटभर जागा ठेवून लावा. सगळ्या एकदम मावणार नाहीत, दोन घाण्यांत करा. एकदा ठेवल्यावर दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. सुरुवातीला मांस पॅनला घट्ट चिकटतं, आणि नीट भाजलं गेलं की आपणहून सुटतं. चिमट्याने कड उचलताना ओढावं लागत असेल तर अजून वेळ आहे असं समजा. तांबूस-तपकिरी रंग आला की उलटा, दुसऱ्या बाजूला मिनिट-दोन मिनिटं द्या आणि ताटलीत काढा. आत ते कच्चंच असणार, तसंच हवं. पण असं अर्धकच्चं चिकन नंतर शिजवू म्हणून ठेवायचं नाही, लगेच कुकरमध्ये जायला हवं.

चिकन सॉसमध्ये मुरवून मग परतायचा मोह होतो. तो टाळा. मध आणि साखर मांसाच्या आधी करपतात, आणि तो कडूपणा शेवटपर्यंत जात नाही.

त्याच पॅनमध्ये उरलेलं टेबलस्पूनभर तेल आणि कांदा घाला. आच मध्यम ठेवून चार-पाच मिनिटं, कडा तपकिरी दिसेपर्यंत परता. स्लो कुकरमध्ये कच्चा कांदा टाकला तर तो मऊ होतो, पण त्याची उग्र चव पुरती जात नाही. मग आलं-लसूण घाला आणि अर्धा मिनिट परता. आता पाव कप पाणी ओता. चर्र आवाज होऊन वाफ उसळेल. त्या वाफेतच तळाला चिकटलेला तपकिरी थर लाकडी उलथन्याने खरवडा. सगळी चव त्या थरात अडकलेली असते. पाणी गढूळ तपकिरी झालं आणि पॅन खालून स्वच्छ दिसू लागला की गॅस बंद करा. त्यातच सोया सॉस, तीन चमचे मध, ब्राऊन शुगर, केचप, दोन चमचे व्हिनेगर, मिरची आणि मिरपूड घालून साखर विरघळेपर्यंत ढवळा.

भांड्यात रचताना

गाजरं सगळ्यात खाली आणि कडेने. ऐकायला उलटं वाटतं, पण या मंद आचेवर कंदमुळं मांसापेक्षा उशिरा शिजतात. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल व्हायला बरंच वरचं तापमान लागतं, आणि सॉसमधला आंबटपणा तर ते आणखी लांबवतो. चकत्या सेंटीमीटरभराच्या सांगितल्या त्या याचसाठी. गाजरांवर मांड्या एका थरात, जागा नसेल तर थोड्या एकमेकींवर, आणि वरून कांद्यासकट सॉस.

सॉस कमी दिसेल. चिकन त्यात बुडणार नाही, जेमतेम अर्ध्यापर्यंत येईल. इथे हात आवरायचा. किलोभर चिकन आपलं कपभर तरी पाणी सोडतं आणि ते उडून जायला वाट नसते. आत्ता वर घातलेला प्रत्येक घोट नंतर गॅसवर आटवत बसावा लागतो.

झाकण लावा, आणि अधूनमधून उघडून बघू नका. झाकण उचललं की साठलेली वाफ निघून जाते आणि भांडं पुन्हा तापायला वीस मिनिटं ते अर्धा तास घेतं. काचेचं झाकण असेल तर आतून बुडबुडे दिसतात, तेवढ्यावर समाधान माना.

वेळ

हाड काढलेल्या मांड्या ‘लो’वर चार ते पाच तास, ‘हाय’वर अडीच ते तीन तास. हाडासकट असतील तर ‘लो’वर पाच ते सहा. छातीचं मांसच वापरायचं ठरवलं तर ‘लो’वर अडीच ते साडेतीन तास, आणि अडीच तासांपासून तपासायला लागायचं.

घड्याळापेक्षा मांस तपासण्याचा थर्मामीटर जास्त भरवशाचा. सगळ्यात जाड तुकड्याच्या मधोमध त्याचं टोक खुपसा, हाडाला टेकू देऊ नका. 74 अंश सेल्सिअस आलं की चिकन खायला सुरक्षित आहे. छातीचं मांस तिथेच थांबवा. मांडीचं मात्र 74 ला अजून घट्ट लागतं, ते 85 ते 90 च्या आसपास मऊ होतं. थर्मामीटर नसेल तर काटा खुपसून जरासा फिरवा. तंतू जोर न लावता सुटले आणि आत गुलाबी ओला भाग कुठेच दिसला नाही तर झालं. तुकडा उचलताच त्याचे आपोआप धागे पडत असतील तर आणखी ठेवू नका.

दिवसभर बाहेर राहणाऱ्यांसाठी टायमरवर आपोआप ‘वॉर्म’ला जाणारा कुकर बरा. पाच तासांनंतर मांड्या तास-दोन तास ‘वॉर्म’वर नीट राहतात. त्याहून जास्त वेळ ठेवल्या तर चव बिघडत नाही, पण पोत जातो. उलट, कच्चं चिकन भरून कुकर चार तासांनी सुरू होईल असा टायमर लावू नका. तेवढा वेळ ते मांस गार नसतं आणि गरमही नसतं.

सकाळी घाई असेल तर रात्रीच कांदा, गाजरं, आलं-लसूण चिरून डब्यात ठेवा आणि सॉस वेगळ्या बाटलीत कालवून ठेवा. चिकन कच्चंच, वेगळ्या बंद डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सगळं सिरॅमिकच्या भांड्यात रचून ते भांडंच फ्रीजमध्ये ठेवणं सोयीचं वाटतं, पण गार झालेलं जाड भांडं तापायला फार वेळ घेतं आणि एकदम तापवलं तर तडकूही शकतं.

मध्येच वीज गेली आणि तुम्ही घरात असाल तर सगळं पातेल्यात काढून गॅसवर शिजवून पूर्ण करा. तुम्ही बाहेर असताना गेली होती, किती वेळ ते कळायला मार्ग नाही, अशा वेळी ते चिकन टाकून द्या. दिसायला आणि वासाला चांगलं असलं तरी.

सॉस

इथवर आलात की झाकण उघडल्यावर जे दिसतं त्याने नाउमेद होऊ नका. चिकन मऊ असतं, वास छान येत असतो, आणि खाली पातळ, तांबूस, वर चरबीचे डोळे तरंगणारं पाणी असतं. तो सॉस नाही. सॉस आता करायचा आहे.

चिकन आणि गाजरं झाऱ्याने अलगद ताटात काढा आणि वर झाकण ठेवा. उरलेला रस गाळणीतून पसरट पॅनमध्ये गाळा. गाळणीतला कांदा चमच्याने दाबून त्याचा गर खाली उतरवा, सॉसला अंग येतं. मिनिटभर स्थिर ठेवून वर आलेली चरबी पळीने काढा. पसरट पॅनच का, तर खोल पातेल्यात हाच रस आटायला दुप्पट वेळ खातो.

आच मोठी करा. सुरुवातीला बुडबुडे बारीक, फेसाळ आणि घाईचे असतात, उठतात न उठतात तोच फुटतात. सात-आठ मिनिटांनी ते मोठे आणि संथ होतात, रसाचा रंग गडद होतो, वर चमक येते. उलथनं तळातून ओढलं की पॅनचा तळ क्षणभर दिसून पुन्हा झाकला जातो. साधारण निम्मा रस उरला की आच मंद करा.

आता कॉर्नफ्लोअर. ते गार पाण्यातच कालवायचं, गरम पाण्यात गुठळ्या होतात. वाटीत तळाशी बसलेलं असेल, घालायच्या आधी पुन्हा ढवळा. एका हाताने बारीक धार, दुसऱ्या हाताने सतत ढवळणं. पुन्हा उकळी येऊ द्या आणि मिनिटभर उकळवा, म्हणजे पिठाची कच्ची चव जाते आणि सॉस पुरता घट्ट होतो. कॉर्नफ्लोअर सुरुवातीलाच कुकरमध्ये घालायला सांगणाऱ्या पाककृती बऱ्याच आहेत. तसं करू नका. तासन्‌तासांची आच आणि व्हिनेगरचा आंबटपणा यांनी स्टार्च तुटतो आणि घट्ट झालेला सॉस पुन्हा पातळ होतो.

चमच्याच्या पाठीवर सॉसचा पातळ थर राहिला आणि त्यातून बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की गॅस बंद. गार होताना तो आणखी घट्ट होणार आहे, म्हणून जरा सैलसरच थांबवा.

चव लावणं

राखून ठेवलेला मध आणि व्हिनेगर आत्ता घालायचं, पण एकदम नाही. आधी नुसता सॉस चाखा. गरम असताना गोडवा जास्त आणि खारटपणा कमी जाणवतो, म्हणून चमचाभर बशीत काढून कोमट होऊ द्या आणि मग जिभेवर ठेवा. शक्य असेल तर चिकनच्या छोट्या तुकड्याला लावून चाखा, कारण नुसता सॉस नेहमीच जरा तीव्र लागतो.

घशाशी गोडपणा बसत असेल तर व्हिनेगर घाला, अर्ध्या-अर्ध्या चमच्याने. गोडाला आंबटच आवरतं, मीठ नाही. मीठ घालून गोड दाबायला गेलं की दोन्ही वाढत जातात आणि जीभ थकते. चव सपाट, बोथट लागत असेल, गोडही नाही आणि खारटही नाही अशी, तर बहुधा आंबटच कमी पडलंय. तेही घालून झालं आणि तरी सपाट असेल तर एक टीस्पून सोया सॉस. खारट झालं असेल तर दोन-तीन चमचे पाणी, थोडा मध आणि थोडं व्हिनेगर असं तिन्ही मिळून घाला, आणि वाढताना बिनमिठाचा भात घ्या. खारट सॉसमध्ये बटाटा घातला की तो मीठ ओढून घेतो असं म्हणतात. तो थोडा सॉस शोषतो, एवढंच होतं. उरलेल्याचा खारटपणा तसाच राहतो. मध अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. तिळाचं तेलही तेव्हाच, तापवलं की त्याचा वास उडतो.

मग चिकन सॉसमध्ये परत. अख्ख्या मांड्या वाढायच्या असतील तर पॅनमध्येच त्यांच्यावर सॉस पळीने ओतत राहा, चकाकी धरेपर्यंत. धागे काढायचे असतील तर दोन काट्यांनी जाडसर काढा. फार बारीक केले तर सगळा सॉस शोषला जातो आणि मांस लगद्यासारखं होतं. वरून तीळ आणि पातीचा कांदा.

अजून थोडी करामत करायची तयारी असेल तर सॉस लावलेल्या अख्ख्या मांड्या ट्रेमध्ये मांडून ओव्हनच्या ग्रिलखाली तीन-चार मिनिटं धरा. कडा किंचित काळसर होतात, साखर जराशी कॅरमल होते. समोरून हलू नका, साखर करपायला अर्धा मिनिट पुरतं.

भाज्या आणि अननस

गाजराखेरीज ज्या भाज्या घालाल त्या उशिरा. ढोबळी मिरची, मटार, ब्रोकोली, बेबी कॉर्न हे सगळं शेवटच्या वीस-तीस मिनिटांत, ‘हाय’वर. पहिल्यापासून टाकलं तर ढोबळी मिरचीची सालं सुटून तरंगतात आणि ब्रोकोलीला उग्र वास सुटतो.

अननस या चवीत फार छान बसतो, पण कोणता घालता आणि केव्हा घालता, त्यावर बरंच काही आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. झटपट शिजणाऱ्या पदार्थात ते उष्णतेने लवकर निकामी होतं. स्लो कुकर मात्र हळूहळू तापतो, आणि तेवढ्या वेळात ब्रोमेलेन आपलं काम भरपूर उरकून घेतं. मांसाची वरची कड पिठूळ होते. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्यामुळे त्याच्यात हा धोका नाही. ताजाच वापरायचा असेल तर फोडी वेगळ्या पॅनमध्ये दोन्ही बाजूंनी परतून शेवटी सॉसमध्ये घाला. डब्यातल्या अननसाचा गोड पाक आत ओतलात तर ब्राऊन शुगर पूर्ण वगळा.

स्लो कुकर नसेल तर

जड बुडाचं, घट्ट झाकणाचं, ओव्हनमध्ये चालणारं पातेलं घ्या. परतणं आणि रचणं सगळं तसंच, फक्त पाणी अर्धा कप जास्त. 150 अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये सव्वा ते दीड तास. इलेक्ट्रिक मल्टिकुकरमधला ‘स्लो कुक’ मोडही चालतो, पण त्यात उष्णता फक्त खालून येते आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये त्याचा ‘लो’ नेहमीच्या स्लो कुकरपेक्षा बराच थंड असतो. पहिल्या वेळी थर्मामीटर हाताशी ठेवा.

उरलेलं

जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत उरलेलं चिकन फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. सिरॅमिकच्या भांड्यासकट ठेवू नका, ते आतली ऊब धरून ठेवतं. उथळ डब्यांत पसरून ठेवलं की लवकर गार होतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं, आणि दुसऱ्या दिवशी चव खरं तर जास्त मुरलेली असते. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने राहतं, पण कॉर्नफ्लोअरचा सॉस गोठून सुटल्यावर थोडा पाणी सोडतो. गोठवायच्या हेतूनेच जास्त करत असाल तर तो भाग कॉर्नफ्लोअर घालण्याआधी बाजूला काढा आणि खायच्या दिवशी ताजं कॉर्नफ्लोअर घालून घट्ट करा.

पुन्हा गरम करायला स्लो कुकर वापरू नका, गार अन्न त्यात फार हळू तापतं. पॅनमध्ये चमचा-दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवून मध्यम आचेवर, मधोमध वाफ निघेपर्यंत गरम करा. सॉस जेलीसारखा घट्ट झालेला दिसेल, गरम होताच तो पुन्हा सैल होतो. चाखून बघा आणि लागलंच तर व्हिनेगरचे दोन-चार थेंब घाला, कारण फ्रीजमध्ये राहिल्यावर आंबटपणा थोडा मंदावलेला जाणवतो.

सिरॅमिकचं भांडं गरम असताना गार पाण्याखाली धरू नका. कोमट झालं की साबणाचं गरम पाणी भरून तासभर ठेवा, कडेला लागलेला साखरेचा थर घासायच्या आधीच सुटून येतो.